टाकीच्या तळाशी

नववी ‘ब’मधल्या त्या मुलीला अख्खी शाळा ‘तोफ’ म्हणायची, आणि तिलाही ते फार आवडायचं. सोमवारी सकाळी तिनं शाळेच्या भित्तिपत्रकावर लेख डकवला: ‘आपण हे पाणी पितो?’ गच्चीवरच्या टाकीचं झाकण तिनं स्वतः उचलून पाहिलं होतं. तळाशी चार बोटं गाळ, कडेनं शेवाळ आणि एक पाल. पाल पोहत नव्हती.

मधल्या सुट्टीत फळ्यापुढं ही गर्दी! पाचवीची पोरं उड्या मारमारून वाचत होती. तोफेचे पाय जमिनीला लागेनात.

सुट्टी संपते न संपते तोच मोठ्या बाईंचं बोलावणं आलं. त्या इंग्रजी शिकवायच्या, आणि रागवायच्याही निम्म्या इंग्रजीतच.

“मकरेकर झालीस का गं तू?”

तोफेला ते कुणाचं तरी आडनाव वाटलं.

“टाकी शिपायांच्या ताब्यात असते. त्यांना नोटीस दिलीय. कामावर ठेवायचं की घरी पाठवायचं, ते समिती शुक्रवारी ठरवेल. झालं समाधान?”

शिपाईकाका! फाटक लावताना कोपऱ्यावर तिची वेणी दिसली, की ती आत येईपर्यंत कडी हातात धरून उगाच खोकत उभे राहणारे काका! तोफेच्या तोंडचं पाणीच पळालं.

शाळा सुटल्यावर तिनं ग्रंथालयातला उशीएवढा इंग्रजी शब्दकोश उघडला. सापडला शब्द! ‘मक’ म्हणजे घाण, ‘रेकर’ म्हणजे ती दाताळ्यानं ओढणारा. म्हणजे लोकांच्या भानगडी उकरून काढणारा. खाली बारीक अक्षरात इतिहास होता. एका जुन्या रूपककथेत एक माणूस दाताळं घेऊन सारखा केरकचरा ओढत असतो. वर कुणी त्याच्यासाठी मुकुट धरून उभं आहे, पण हा मान वर करील तर शपथ! पुढं दोनेकशे वर्षांनी एका राष्ट्राध्यक्षानं भाषणात तो माणूस बातमीदारांना चिकटवला: दाताळं हवंच, पण थांबायचं कधी तेही कळायला हवं. बातमीदार कसले वस्ताद! त्यांनी ती शिवी उचलली आणि बिल्ल्यासारखी छातीवर लावली.

एरवी तोफेनंही तो बिल्ला लावला असता. पण डोळ्यांपुढून काका हलेनात.

तिचे बाबा कालव्यातला गाळ काढणाऱ्या टोळीचे मुकादम. संध्याकाळी ते नळाखाली दाताळं धूत बसले होते.

“मकरेकर?” ते म्हणाले. “आपल्या नात्यात कुणी नाही गं त्या नावाचं.”

“अहो बाबा, शिवी आहे ती!”

तिनं सगळं सांगितलं. बाबांनी दाताळ्याच्या दातांत अडकलेली मुळी ओढून काढली.

“ह्याच्यावर घर चालतं आपलं, शिवी कसली? पण मला सांग, गाळ काढून टाकलास कुठं?”

“फळ्यावर.”

“म्हणजे काठावर. काठावरचा गाळ घसरतो बाळा, आणि खाली जो उभा असेल त्याच्या अंगावर जातो. अन् गाळ आला कुठून? दाताळं लावायच्या आधी आम्ही कालवा वरपर्यंत चालून येतो. तू आलीस चालून?”

“नाही,” तोफ म्हणाली. बार अगदीच फुसका निघाला.

मंगळवारी फाटक उघडायच्या आधीच ती काकांच्या खोलीत हजर.

“काका, चुकलं माझं. तुम्हाला न विचारता लिहिलं.”

“लिहिलंस ते खरंच होतं की. ती पाल माझ्या ओळखीची आहे.” काकांनी पत्र्याच्या डब्यातून तीन कागद काढले. अर्जांच्या प्रती. ‘टाकी एकट्याने साफ होत नाही, दोन माणसे मिळावीत.’ तिन्हींवर ‘पाहिले’ असा शेरा, आणि खाली मोठ्या बाईंची सही.

“हे बाईंना दाखवा ना!”

“बाईंचीच सही बाईंना दाखवू?” काका हसले. पण “मग मी लिहू?” असं तोफेनं विचारल्यावर त्यांनी डबा तिच्यापुढं सरकवला.

तोफेनं दुसरा लेख लिहिला. तारखा घातल्या, सहीचंही लिहिलं. आणि फळ्याकडं न जाता गुरुवारी ती थेट मोठ्या बाईंच्या खोलीत शिरली.

बाईंनी लेख वाचला. पुन्हा वाचला. मग लाल पेनाचं टोपण काढलं. तोफेनं डोळेच मिटले.

“तीन नाही, चार,” बाई म्हणाल्या. “चौथ्यांदा ते तोंडी सांगायला आले होते. मी म्हटलं, परीक्षा होऊ देत.” त्यांनी आकडा खोडून चार केला. “आधी मला का आणून दाखवलंस?”

“मागच्या वेळी काकांना आधी विचारलं नव्हतं ना, बाई. म्हणून.”

बाईंनी पेनाला टोपण लावलं. “नोटीस मी परत घेते. समितीपुढं मीच बोलेन. आणि ‘दुर्लक्ष’ नीट लिही. शब्द जड आहे, पण लिहावा लागेल.”

शनिवारी टाकी रिकामी झाली. खाली उतरून काका आणि अखेर मिळालेली दोन माणसं गाळ ओढत होती. दाताळं बाबांचं, उसनं. तोफ बाह्या सरसावून वर उभी राहून बादल्या घेत होती.

“ठेव तिथंच, कडेला,” काकांनी आतून हाक दिली.

“छे हो काका!” तोफ म्हणाली, आणि जड बादली दोन्ही हातांनी उचलून जिना उतरायला लागली.