संशोधनाची मुलं येत नाहीत

आमच्या विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात कोण येतं, हे बाहेरच्या टेबलावर बसून मला तोंडपाठ झालंय. पहिल्या वर्षाची मुलं परीक्षेच्या तोंडावर थव्यानं येतात. वसतिगृहातल्या मुली जोडीनं येतात, "मी नुसती सोबत आलेय" म्हणत. पीएचडीचं मात्र वर्षभरात कुणी फिरकलं नाही. समुपदेशक मॅडमना मी म्हटलंही होतं, "मोठी माणसं ती, आपल्यालाच शिकवून जातील."

त्या सोमवारी एक आली. लॅबचा कोट अंगातच. डोळ्याला डोळा लागला नव्हता, हे दिसतच होतं. खुर्चीच्या कडेला टेकली.

"ताई, इथे आलेलं गाइडना कळतं का?"

"छे गं!"

"मागच्या वर्षी आमच्यातली एक आली होती. संध्याकाळी सर सगळ्यांसमोर म्हणाले, डोकं ठिकाणावर नसेल तर घरी बसा. ती शिक्षण सोडूनच गेली."

त्या दिवशी सरांचा फोन मीच घेतला होता. "आमची मुलगी आलीय का तिकडे?" किती काळजीनं विचारलं, असं वाटलं मला. पाळणाघरात मी माझ्या पिल्लाबद्दल रोज असंच विचारते. "हो सर, आत्ताच आत गेली," मी कौतुकानं सांगितलं होतं.

ती उठली. "राहू दे. पुढच्या आठवड्यात बघते."

"थांब. त्यांना मीच सांगितलं होतं."

तेवढ्यात फोन वाजला. नंबर त्याच सरांच्या विभागाचा. ती भिंतीला चिकटली. मी स्पीकर लावला.

"ताई, आमच्या एका मुलीचं टेबल रिकामं दिसतंय. तिकडे आलीय का?"

"कोण आलं, कोण नाही, ते सांगता येणार नाही, सर."

"अहो, मागे तर लगेच सांगितलंत!"

"चुकले होते, सर."

"असं? मग बघतो मी वर बोलून."

त्यांनी फोन आपटला. माझी नोकरी कंत्राटी, दर सहा महिन्यांनी नवं पत्र. ती बाहेरच्या दाराकडे तोंड करून उभी.

"तुम्ही इथेच बसाल ना?" तिनं विचारलं.

"इथेच. तू बाहेर येईपर्यंत."

मी मॅडमचं दार उघडलं. ती आत गेली, कडी लागली.

फोन पुन्हा वाजला. या वेळी कुलसचिवांच्या कार्यालयाचा नंबर होता. मी घोटभर पाणी प्याले आणि उचलला.