मागचा शिक्का

बारक्या पोलीस ठाण्यात बसलाय, असा फोन आला तेव्हा ताईला आधी वाटलं, नाटकमंडळींनी पुढच्या प्रयोगाची तालीम तिकडेच ठेवली की काय! नाटकात तो फौजदार होता ना. पण मग फोनवर त्याचा रडवेला आवाज आला, "ताई, तू ये गं लवकर. आणि आईला काही सांगू नकोस." झालं! अर्धा कोरलेला शिक्का तसाच टाकून तिने दुकानाला कुलूप लावलं. भाऊ पन्नाशीला टेकला, पोट सुटलं, टक्कल पडलं, तरी बारक्या तो बारक्याच राहिला, आणि त्याने घातलेले घोळ निस्तरायला ताईच लागायची.

ठाण्यात तो बाकड्यावर अंग चोरून बसला होता. टेबलावर नाटकातलं पोलिसाचं ओळखपत्र पडलं होतं. ते ताईनेच केलेलं. तिचं रबरी शिक्क्यांचं आणि ओळखपत्रांचं दुकान होतं, त्यामुळे त्यांच्या हौशी नाटकमंडळींना लागणारे बिल्ले, कार्डं, पत्रं सगळं तीच करून द्यायची. प्रयोगाला विंगेत उभी राहून वाक्यंही तीच पुरवायची, कारण बारक्याचं आणि पाठांतराचं सात जन्मांचं वैर.

टेबलामागच्या खऱ्या फौजदारबाईंनी घडलेलं सांगितलं. बारक्याने गाडी दवाखान्यासमोर, रुग्णवाहिकेच्या जागेत लावली. हवालदाराने हटकलं, तर याने खिशातून कार्ड काढलं आणि म्हणाला, "डिपार्टमेंटचाच माणूस आहे." हवालदाराने सलाम ठोकला आणि सहज विचारलं, "कुठलं ठाणं, साहेब?" साहेबांनी नाटकातल्या ठाण्याचं नाव सांगितलं. तसं ठाणं जगाच्या पाठीवर कुठेच नव्हतं.

"अरे गाढवा!" ताईच्या तोंडून गेलंच.

"नुसतं खिशात राहिलं होतं हो," बारक्या पुटपुटला. "मी काय कुणाला लुटलं?"

"लुटायला कशाला पाहिजे?" बाई म्हणाल्या. "खरं म्हणून चालवायचं मनात धरून असलं कार्ड जवळ ठेवणं, हाच गुन्हा. ते दाखवून पोलीस असल्याची बतावणी केलीत, तो दुसरा. आणि बनवणाराही सुटत नाही. कुणी बनवलं हे?"

"मी," ताई म्हणाली. "पण नाटकासाठी. मागे शिक्का बघा, 'फक्त रंगमंचासाठी'. त्याशिवाय माझ्या दुकानातून नाटकातलं प्रेमपत्रसुद्धा बाहेर जात नाही."

बाईंनी कार्ड उलटं केलं. मागची बाजू कोरी होती.

ताई झटकन पुढे झाली. तिने कार्ड हातात घेऊन मागून बोट फिरवलं. शिक्क्याच्या जागी खरखरीत लागत होतं. कुणीतरी ब्लेडने खरवडलं होतं, आणि ते कुणी, हे विचारायची गरजच नव्हती. तालमीत हा सारखा कुरकुरायचा, "ताई, पहिल्या रांगेतल्यांना दिसतो गं तो शिक्का!"

"मारायचा विसरलात का शिक्का?" बाईंनी विचारलं.

बारक्याने मान वर केली. डोळ्यांच्या कोपऱ्यातून तो ताईकडे बघू लागला. वाक्य विसरला की रंगमंचावरून विंगेकडे अस्संच बघायचा. शेजाऱ्यांची काच फोडली तेव्हाही असाच बघत होता, आणि ताईने वडिलांचा मार खाल्ला होता. आता 'हो, विसरले' एवढंच म्हणायचं होतं. पण मग पोलिसाचं बनावट कार्ड बनवणारी ती ठरली असती, आणि तिचं दुकान गेलं असतं. याने खरवडलं म्हणावं, तर याचा इरादाच सिद्ध होणार आणि वाचनालयातली कारकुनी जाणार. सवयीने तिचे ओठ हललेसुद्धा. मग तिने ते घट्ट मिटले. तिला संताप आला होता, त्याचा आणि जन्मभर त्याला वाक्यं पुरवणाऱ्या स्वतःचाही.

रंगमंचावर एवढी शांतता झाली असती, तर तिचा जीवच गेला असता.

"तिने मारला होता," बारक्या एकदम म्हणाला. "मी खरवडला."

"नाटकासाठी?" बाईंनी विचारलं.

तो 'हो' म्हणेल, असं ताईला वाटलं. आयती पळवाट होती.

"नाही. प्रयोग संपल्यावर." त्याचा आवाज चिरकला. "वाचनालयात मला कुणी 'ए' शिवाय हाक मारत नाही हो. वाटलं, कुणीतरी एकदा सलाम करेल."

बाईंनी लिहायला घेतलं. "सावकाश सांगा, सगळं," त्या म्हणाल्या. तो सांगत गेला, आणि ताईकडे त्याने एकदाही बघितलं नाही. ताईला वाटत होतं, याच्या दोन थोबाडीत द्याव्यात. जवळही घ्यावंसं वाटत होतं. इतकी वर्षं तिने घसा कोरडा केला, आणि पठ्ठ्या स्वतःचं पहिलं वाक्य बोलला, ते नोकरी घालवणारं!

सही करून तो उठला आणि हळूच म्हणाला, "ताई, आईला..."

"तूच सांग," ताई म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.