लाल, निळी आणि बिनटिकलीची

केशवनं टेपमधले सेल काढून संपतच्या घरच्या ओट्यावर उन्हात मांडले आणि ते तापेपर्यंत भांडण पुढं चालू ठेवलं.

"तू कितीबी बोंबल, निळीच भारी. तुझा लालवाला नुसता रडतो."

"रडतो म्हणूनच भारी," संपत म्हणाला. "निळीवाला भांडून राह्यला. भांडायला काय लागतं? आमच्या बांधावर रोज भांडतेत."

दोघं जालन्याच्या कॉलेजात एका बाकावर बसायचे. केशव जालन्यातल्याच मस्तगडचा, वडील बँकेत. संपत घनसावंगीच्या अलीकडल्या एका खेड्यातला, घरी कापूस आणि थोडा ऊस. गेल्या दिवाळीत केशवचा मावसभाऊ गिरिधर अमेरिकेतून आला आणि त्यानं दोन कॅसेटी आणल्या. दोन्ही हिपहॉपच्या, दोन्ही त्या त्या गायकाची पहिलीच कॅसेट, आणि दोन्ही कुठूनतरी उतरवून घेतलेल्या. गायकांची नावं धड उच्चारता येईनात, म्हणून केशवनं एकीवर बहिणीची लाल टिकली चिकटवली आणि दुसरीवर निळी. तेव्हापासून वर्षभर एकच वाद चालू होता. हिपहॉपमधली सगळ्यात भारी पहिली कॅसेट कोणती? जगात अशा आणखी शेकडो कॅसेटी असतील, त्या दोघांनी ऐकल्या नव्हत्या. पण वाद घालायला ऐकलेलं असावंच लागतं असं कुठं आहे?

"पहिल्या कॅसेटीचं कसं असतंय सांगू का?" संपत म्हणाला. "पहिल्या वेचणीच्या कापसावानी. पांढराफेक. मंग पुढं सगळी फरदड, नुसता उरलासुरला माल. अन् लालवाल्याचा तर इतका पांढरा हाय, की ह्यानं पुढं कायच केलं नसंल बघ."

केशव सेल उलटेपालटे करत राहिला. लालवाल्यानं खरंच पुढं काही केलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात त्याला त्याच्याच गल्लीच्या तोंडाशी गोळ्या घालून मारलं होतं. गिरिधरनं ते फोनवर सांगितलं होतं आणि केशवनं ते संपतपासून लपवून ठेवलं होतं. मेलेल्याला मार्क जास्त पडतात. तो मेल्याचं एकदा कळलं असतं तर वाद तिथंच संपला असता आणि संपत जिंकला असता.

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला संपतची आत्या, गोजरबाई, कापूस निवडत बसली होती. कवडी लागलेला एकीकडं, चांगला दुसरीकडं. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती भावाच्याच घरी असायची. पंचक्रोशीत कुठं मयत झालं की तिला बोलावणं यायचं, कारण तिच्यासारखं हेल काढून रडणं कुणालाच जमत नव्हतं. मेलेल्याचा अख्खा जन्म ती रडण्यात बसवायची. दगडालाही पाझर फुटायचा म्हणे.

"आत्यालाच विचारू की," केशव म्हणाला. "रडण्यातली मास्तर बसलीय समोर."

संपत हसला नाही. त्यानं केशवला जवळ ओढलं.

"मस्करी नको करू. ती रडायला निघाली ना, की वाटंत तीन गोष्टी इचारती. काय आवडीनं खायचा, पाठीवर कोण हाय, अन् मायचं नाव काय. तेवढ्यावर रडती. पण एकदा तिनं तातेराव मामाला इचारलं. चांगला धडधाकट, पारावर बसल्याला. त्यानं हसत हसत सांगितलं समदं. पोळ्याच्या आत गेला."

"म्हातारा असंल."

"तुझ्या-माझ्या वडलाएवढा. तवापासून गावात तिच्यापुढं कुणी आपल्या मायचं नाव घेत न्हाई."

"तुम्ही लोक पण ना, बिलकुल अडाणी," केशव म्हणाला. त्यानं तापलेले सेल टेपमध्ये घातले आणि मुद्दाम मोठ्यानं हाक मारली, "आत्या, तुम्ही निकाल द्या. दोघं गातेत, कोण भारी ते सांगा!"

आधी निळी लावली. गोजरबाईचे हात चालूच राहिले. दोन गाणी झाल्यावर ती म्हणाली, "ह्याला भूक लागलीया. जेवू घाला म्हणावं आधी."

केशव खो खो हसला. संपतही हसला. मग लाल लावली. पहिल्याच गाण्याला गोजरबाईनं हातातला कापूस खाली ठेवला. भाषेचं तिला अक्षर कळत नव्हतं. पण मान हळूहळू हलायला लागली, आणि गाणं संपायच्या आतच तिनं विचारलं,

"ह्याची माय हाय का? नाव काय तिचं?"

"आत्या, त्यो अमेरिकेचा हाय," संपत म्हणाला. "आम्हाला काय म्हाईत!"

केशवनं टेप बंद केला. योगायोग, त्यानं स्वतःला बजावलं, रडक्या आवाजाला कुणीही हेच विचारील. तरी लालवाला मेलाय हे संपतला आता सांगावं असं त्याला वाटलं. पण सांगितलं असतं तर वादही हरला असता आणि आत्याही खरी ठरली असती. त्यानं लाल कॅसेट बाहेर काढली.

"आता तिसरी लाव," संपत म्हणाला. "बिनटिकलीची."

ती त्यांची स्वतःची होती. संपतनं मराठीत लिहिलेला रॅप, केशवच्या खोलीत भरलेला. मुंबईच्या एका कंपनीला पाठवायचा होता. पाठवायच्या आधी घरच्या कुणीतरी ऐकावा म्हणून संपत सकाळपासून घुटमळत होता, आणि आता हे सगळं ऐकून त्याचा जीव वरखाली होत होता. पण मागंही सरवत नव्हतं. केशवनंच बटण दाबलं.

*एस्टी येती धूळ घेऊन, एस्टी जाती पोरं घेऊन,*
*मी उभा फाट्यावर, कोण जाईल मला घेऊन...*

संपतचा आवाज. त्यामागं रिकाम्या डब्यावर केशवनं धरलेला ठेका, आणि प्रत्येक ओळीला केशवचंच पालुपद, "चल रे चल, चल रे चल." सेल उतरत आले होते. आवाज जड व्हायला लागला. चल रे, चल, असं कुणीतरी विहिरीतून म्हणावं तसं ऐकू यायला लागलं. संपत आत्याच्या तोंडाकडं बघत होता. कपाळावर घाम, आणि थंडी तर अशी की अंगात स्वेटर होता.

गोजरबाईनं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

"मागं 'चल चल' करतो, त्यो कोण?"

"त्यो? त्यो ह्यो केशव की," संपत म्हणाला, आणि इतका मोठा श्वास सोडला की केशवला हसू आलं.

गोजरबाई केशवकडं वळली. चेहऱ्यावर नुसती माया होती.

"काय खातो रे बाबा आवडीनं?"

"धपाटे," केशव म्हणून गेला. "दह्यासंगं."

"पाठीवर कोण हाय?"

"बहीण. तारा."

म्हणून झाल्यावर त्याला कळलं. संपत त्याच्याकडं टक लावून बघत होता. टेप आता फिरत होता फक्त, आवाज येत नव्हता. केशवला भीती वाटली. अडाणीपणा, योगायोग, वाद, सगळं क्षणात उडून गेलं आणि लहान पोराला अंधाराची वाटते तशी साधी भीती तेवढी उरली.

भिंतीपलीकडून शेजारणीनं हाळी दिली, "नंदाबाई! ओ नंदाबाई, इरजन हाय का?"

"देते गं, झुंबरबाई," आतून संपतची आई म्हणाली.

"अन् मायचं नाव?" गोजरबाईनं विचारलं.

केशवच्या आईचं नाव रमाबाई. संपतला ते पाठ होतं. जालन्यात असला की तो तिच्याच हातचं जेवायचा, आणि ती त्याला केशवच्या आधी वाढायची. केशवनं तोंड उघडलं. ते नाव ओठापर्यंत आलं होतं. ते त्यानं आत ओढलं, आणि हाताशी दुसरं जे सापडलं ते बाहेर टाकलं.

"नंदाबाई," तो म्हणाला.

"अगं बया! आमच्या भावजयीचंच नाव," गोजरबाई म्हणाली. तिनं कापसाचा गोळा पुन्हा मांडीवर घेतला. बोटं चालायला लागली, मान डोलायला लागली, आणि ती अगदी हळू, नुसतं जमतंय का बघावं तसं, गुणगुणायला लागली.

"दह्याची वाटी तशीच ऱ्हायली रे... माझ्या नंदाबाईच्या लेका..."

"काय म्हणल्या, आक्का?" नंदाबाई दारात आली. "मला हाक मारली का?"

शेजारणीला द्यायच्या विरजणाची दह्यानं भरलेली वाटी तिच्या हातात होती.

संपत त्या वाटीकडं बघत राहिला. मग त्यानं केशवकडं पाहिलं. केशवला अजून बोलता आलं असतं. चुकलो आत्या, माझ्या आईचं नाव रमाबाई, एवढंच म्हणायचं होतं. सांग, सांग, असं त्याच्या आत कुणीतरी ओरडत होतं, आणि तो टेपमधून कॅसेट काढायला इतका वेळ लावत होता की जणू ती अडकलीच होती.

फाट्यावर जीपवाल्यानं भोंगा वाजवला.

"येतो, आत्या," केशव पिशवी उचलून म्हणाला.

"ये बाबा, ये," गोजरबाई लगेच म्हणाली. "पुन्हा ये."

संपत फाट्यापर्यंत सोडायला आला. वाटेत वेचणीच्या बायका कापसाची बोचकी घेऊन चालल्या होत्या. त्यातल्या एकीनं त्याला कायसं विचारलं आणि त्यानं नीट उत्तर दिलं. केशवशी तो काही बोलला नाही. जीप भरलेलीच होती. मागच्या फळीवर एक माणूस सरकला आणि त्यानं केशवला जागा केली.

"संपत," केशव म्हणाला. "ऐक ना. लालवाला मेला रे. मागच्याच साली. मला माहीत होतं. तूच बराबर होतास."

संपतनं त्याच्या हातातल्या तिन्ही कॅसेटी घेतल्या आणि उलटसुलट करून पाहिल्या. मग निळी केशवच्या खिशात घातली.

"न्हाई," तो म्हणाला. "निळीच भारी. तू जिंकला."

जीप हलली. लाल आणि बिनटिकलीची त्यानं ठेवून घेतली.