डावी मांडी

आईने दातांनी दोरा तोडला आणि शर्ट उजेडाकडे धरून काज तपासलं. डाव्या मांडीवर धाकटी पीत होती. उजव्या हातात सुई, म्हणून तान्ही कायम डावीकडेच. उजवीकडे घेतली की सुईचं टोक तिच्या डोळ्यापाशी जायचं. बाबांनी कापड बेतता बेतता रोजचा विनोद केला, की आमचं शेंडेफळ एकाच दुकानाचं गिऱ्हाईक आहे, शेजारची पायरी चढत नाही. इस्त्रीवाले काका हसले. आईही हसली, पण उजवा दंड अंगापासून लांब धरून.

समोर बाळंतपणाला माहेरी आलेली थोरली लेक बटणं निवडत बसली होती. तिचे स्वतःचे दिवस भरत आले होते. आईच्या कपड्यावर उजवीकडे पिवळट डाग उमटलेला तिने पाहिला.

"दगड झालाय नुसता," आई म्हणाली, बाबांच्या चालत्या कात्रीच्या दिशेने. "हात लावू देत नाही. दाखवून येते."

"गणवेश जाऊ देत आधी," बाबा म्हणाले. "दुधाचा ताप तो. बाईमाणसाला येतोच. शेक दे."

आईने इस्त्रीवर फडकं गरम करून छातीशी धरलं आणि सुईत नवा दोरा ओवला.

दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. अंग भाजत होतं, बोलणं असंबद्ध. इस्पितळातल्या नर्सने समजावून सांगितलं: एकच बाजू रिकामी होत होती, दुसरीकडे दूध साचत गेलं. ताणून बोंडाला चीर पडली, चिरेतून जंतू शिरले, पू धरला. वेळेवर आणली असती तर पू काढून घरी पाठवली असती. आता ते विष रक्तात उतरलं होतं. हे थोरलीने ऐकलं. बाबांनीही ऐकलं; ते शेजारीच उभे होते, गळ्यात टेप तसाच लोंबत होता.

आई गेली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबा सांगत राहिले, सगळं अंगावर काढलं हो तिने, कधी कळू दिलं नाही. लोक तिच्या सोशिकपणाचं कौतुक करत. थोरली त्यांच्यापुढे पाण्याचे पेले ठेवायची, जरा आपटूनच.

थोरलीला मुलगा झाला, ती माहेरीच राहिली. धाकटी बाटलीवर रुळली. पुढच्या वर्षीचे गणवेश आले तेव्हा आईची खुर्ची रिकामी होती, आणि काज-बटणाला दुसरं कोण होतं?

शाळेच्या बाई गणवेशांच्या चौकशीला आल्या होत्या. थोरली आईच्या खुर्चीत बसून एका हाताने बाळ सावरत दुसऱ्याने सुई ओढत होती.

"डाव्या मांडीवर घे गं," बाबा म्हणाले. "उजवा हात मोकळा राहतो. तुझी आई तसंच करायची." मग बाईंकडे वळून, आवाज उतरवून, "शेवटपर्यंत अवाक्षर काढलं नाही हो बिचारीने."

थोरलीने सुई कापडात खोचली. अर्धं काज तसंच ठेवून शर्ट बाजूला सारला, बाळाला उचलून उजवीकडे घेतलं. ते थोडं कुरकुरलं, मग पिऊ लागलं.

"अगं, आणि काम?"

"तिने सांगितलं होतं, बाबा," ती म्हणाली. "याच खुर्चीवरून. तुम्ही कात्रीसुद्धा थांबवली नाहीत."