काढलेल्या तर्रीचा डबा

भाजीवर बोटभर तेलाची लाल तर्री नसली तं पाहुणे मले म्हणत, कौसल्याबाई, रुसल्या का? नेरमधी एवढं नाव कमावलं होतं बाप्पा मी! अन् आमचेच मालक पंजाबराव जिना चढता चढता छाती धरून बसले.

आभा डॉक्टरीणबाईनं तपासून समजावलं, की रक्ताच्या नळीच्या अस्तरात चरबी शिरते, वर्षानुवर्षं थर साचते, नळी अरुंद होते. थर फाटला तं तिथंच रक्ताची गुठळी अडकते. हे म्हणे, वावरातल्या ठिबकच्या नळीत क्षार बसते तसं ना? मंग ॲसिड सोडून मोकळी करा. बाई हसल्या. म्हणाल्या, हा थर भिंतीतच मुरते, धुऊन निघत नाही, फक्त वाढू द्यायचा नाही. रोज गोळी, रोज चालणं, तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद, तेल कमी. तीन महिन्यांत कोलेस्टेरॉल नीट उतरलं नाही तं नागपूरले पुढची तपासणी.

मी कंबर कसली. खर्र्याच्या पुड्या चुलीत घातल्या. भाजीवरची तर्री पळीनं काढून घ्याची, मंगच यायले वाढाची. पोरं-सुना तोंडात बोटं घालत.

तीन महिन्यांनी रिपोर्टात कोलेस्टेरॉल गोळीनं उतरलं तेवढंच, अन् वजन दोन किलो वाढलेलं! मी दवाखान्यातच भडकली. कोणत्या टपरीवर भजे हाणता, सांगा म्हटलं. त्यायनं नातीची शपथ घेतली, डोळे भरून आले बिचाऱ्याचे.

बाईनं मलेच इचारलं, "काकू, काढलेल्या तर्रीचं काय करता?"

"डब्यात ठेवतो. फेकाले तेल का फुकटचं आहे? यायच्या वरणाले त्याचीच फोडणी देतो. नवीन तेल तं बंद आहे ना."

बाईनं कपाळाले हात लावला. तीन महिने मीच या माणसाले मारून राह्यली होती. पाहतो तं हे हसून राह्यले, असे की खुर्ची हाले. मले बी रडता रडता हसू फुटलं.

बाईनं नागपूरच्या आधी अजून तीन महिने दिले. तवापासून घरभराच्या भाजीत मोजून तेल. पाहुणे रुसले तं रुसोत.

काल दुसरा रिपोर्ट आला. उतरलं! नागपूर टळलं! मले रस्त्यातच फुगडी घालावी वाटे. हे चालता चालता थांबले.

"कौसल्ये, तू मारून राह्यली होती, पण वरण काय गोड लागे व!"

मी म्हटलं, चाला निमूट, घर अजून लांब आहे.