मुराळ्याचा खेळ

"नुसते मांडे खाऊन येऊ नको, पितांबर. बहिणीला घेऊन ये."

आईचा हा आवाज फार जुना. ती जाऊनही पुष्कळ पावसाळे झाले. पण आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, जवळ आली, कडुनिंब फुलला, की तो अजून माझ्या कानामागे ओवीसारखा घुमतो. ओव्या तिच्या, मी त्या नुसत्या पाठ केल्या. गाण्यापुरतं तोंड उघडायचं, एरवी मिटलेलं, असा मी भाऊ.

आखाजीला साऱ्या लेकी माहेरी येतात. माझी मंदाअक्का तेवढी येत नसे. शिंदखेड्याजवळच्या त्या घरात ती एकुलती सून, सासू नाही, आणि नणंदा तिघी. त्या माहेरी आल्या की चुलीपाशी कोण बसणार? दर सणाला मी तिचा मुराळी म्हणून, तिला न्यायला म्हणून, रावेराकडून निघायचो. नरडाण्याला आगगाडीतून उतरायचो, आमच्या केळीचा घड तिच्या सासऱ्यांच्या, निंबाआबांच्या पायाशी ठेवायचो, खापरावरचे मांडे आमरसात बुडवून खायचो आणि परतायचो. 'अक्काला पाठवा' एवढं वाक्य रसाबरोबर पोटात जायचं. आबांना दोष द्यावा तर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आणि न विचारता सोडणारे ते नव्हेत.

ती आखाजी लढाईच्या दिवसांतली. त्या वर्षी सारी भावकी आबांच्या अंगणात जमली होती. जेवणं झाली, पोरंबाळं, म्हातारे सगळे कडुनिंबाखाली टेकले, आणि आबा मला म्हणाले, "पाहुणा, बठ्ठा खेळतीन असा खेळ सांग."

सगळ्यांना खेळता येईल असा खेळ सुचवायचा मान पाहुण्याचा होता, आणि माझ्या डोक्यात लगेच डाव शिजला. मी अट घातली : जो जिंकेल तो मागेल ते आबांनी द्यायचं. आबा हसून हो म्हणाले. आता मी जिंकायचं, अक्का मागायची, संध्याकाळच्या गाडीत बसायचं. मागण्याचं धैर्य नसलेल्या माणसाला जिंकण्याचं कुठून येणार, हे मात्र सुचलं नाही.

मी आंधळी कोशिंबीर काढली. आबांनी स्वतःच डोळ्यांना उपरणं बांधून घेतलं. झालं, सासऱ्याचा हात लागेल म्हणून अक्का पदर ओढून स्वयंपाकघरात गेली. जिच्यासाठी खेळ मांडला तीच खेळातून उठली. मी म्हशीच्या गव्हाणीमागे दबून बसलो. म्हैस बहुधा आबांच्याच बाजूची असावी, तिनं मला शिंगानं बाहेर ढकललं. आबांच्या हाती पहिलं आलं ते माझं नाक.

"हाऊ ते मुराळी शे," ते म्हणाले, "मांडास्ना वास येस."

मग मी हुतूतू सुचवला. पहिल्याच दमात पोरांनी माझं धोतर धरून टरकावलं, आणि ते वाचवण्यात दम गेला. अक्काची धाकटी नणंद भागाबाई पदरात हसू दाबत म्हणाली, पाहुण्याला खेळापेक्षा सुईदोरा द्या.

शेवटी मी झोक्यावरची गाणी काढली. वाटलं, ओव्यांत मला कोण हरवतो? एकेकानं झोक्यावर बसायचं, माहेरावर ओवी बांधायची, सरस कोणती ते आबांनी सांगायचं. पण पुरुषांच्या ओझ्यानं दोर तुटेल, असं भागाबाईनं जाहीर केलं. माझ्याकडे काम आलं झोका द्यायचं.

नणंदांनी ओव्या म्हटल्या. या अंगणाच्या, या कडुनिंबाच्या, न्यायला येणाऱ्या चुडामणभाऊच्या. चुडामण म्हणजे अक्काचे यजमान. ते मिशीत खुलत होते. आबा प्रत्येकीला मान डोलवत होते. मीही मोठ्या मनानं झोके देत होतो. सगळ्यांना जमणारा खेळ अखेर सापडला म्हणून स्वतःवर खूश होतो.

तेवढ्यात भागाबाई आत गेली आणि पिठाच्या हातांनिशी अक्काला ओढून घेऊन आली. "वहिनी, तुझं नाही का माहेर? बस."

अक्का बसली. मी झोका दिला. एक गेला, दुसरा गेला, ओवी येईना. तिला सुचत नसेल म्हणून मी, शहाणा, मागून ओळ पुरवायला वाकलो. तेव्हा ती गायली, आईच्याच चालीत :

"माझ्या माहेराची वाट, केळीच्या गं कडेनं
भाऊ येतो, मांडे खातो, जातो रिकाम्या गाडीनं."

अंगण हसून लोटपोट झालं. सगळ्यांत आधी मीच हसलो. कडेनं, गाडीनं, यमक छान जुळलं होतं. झोका परत आला, तिची पाठ माझ्या हातांना लागली, आणि ती पाठ हुंदक्यानं हलत होती.

मी झोका धरून ठेवला. हसणं हळूहळू थांबलं. आबा म्हणाले, "दे ना रे झोका."

दोर सुटेना. तोंडात त्या वेळी मांडा नव्हता, एवढंच नशीब.

"आबा," मी म्हटलं, "खेळ पुरे. मी मांडे खायला येत नाही. मी दर वर्षी अक्काला न्यायला येतो. तिला पाठवा."