दोन पायऱ्या

"उत्तमभाई, उठा त्या खुर्चीतून. लोक बघतायत, कसंतरी वाटतं," ईश्वरभाई म्हणाले.

खारमधल्या सभागृहाचे ईश्वरभाई व्यवस्थापक आणि उत्तम पाटणकर बुकिंग क्लार्क. एकोणीस वर्षं एकाच टेबलाला चिकटलेला हा गृहस्थ आज मेडिकलवाल्याकडून मागून आणलेल्या व्हीलचेअरवर बसून सभागृहभर फिरत होता. मांडीवर वही, हातात मोजमापाची टेप, आणि घाम नुसता निथळतोय.

त्याला कारणही तसंच होतं. महिन्यापूर्वी पंचशीला कांबळे नावाच्या बाईंचा फोन आला होता. लेकीचा सत्कार होता आणि बाई व्हीलचेअरवर. "पायऱ्या आहेत का हो?" त्यांनी विचारलं. "एकपण नाही, बिनधास्त या," उत्तमने ठोकून दिलं. खोटं बोलायचं त्याच्या मनातही नव्हतं. दारातल्या दोन पायऱ्या रोज चढून चढून त्याला दिसेनाशाच झाल्या होत्या. बाई आल्या आणि दारातच अडल्या. चार पोरं धावली, "उचलतो ना मावशी." बाई शांतपणे म्हणाल्या, "मी पोतं नाहीये," आणि रिक्षा बोलावून परत गेल्या. आत लेकीला शाल घालत होते.

आता खुर्चीत बसून फिरताना त्याला जनरेटरच्या बाजूचं दार सापडलं. बिनपायरीचं, चौतीस इंच रुंद. मागे मोडक्या खुर्च्या रचून कैक वर्षं बंद ठेवलेलं. पंचशीलाबाई अडल्या तिथून जेमतेम वीस पावलांवर. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

खुर्च्या त्याने हलवल्या. वहीतलं सगळं वेबसाइटवर टाकायला घेतलं, तेव्हा ईश्वरभाई भडकले. "पायऱ्या कशाला दाखवायच्या? लिहा ना, सर्व सोयी उपलब्ध. खालीपिली बदनामी."

"तसं लिहायचं असेल तर यापुढे फोन तुम्ही घ्या," उत्तम म्हणाला. "दारातून परत जाणाऱ्या माणसाला तोंडही तुम्हीच दाखवा."

"टाका काय टाकायचं ते," म्हणत ईश्वरभाईंनी हात झटकले.

मग उत्तमने स्वतःहून पंचशीलाबाईंना फोन लावला. "मॅडम, मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं. समोर दोन पायऱ्या आहेत. जनरेटरकडचं दार सपाट आहे, उघडं ठेवतो. स्टेजमागच्या बाथरूममध्ये खुर्ची वळते. वर गॅलरीत मात्र नाही जाता येणार."

"एवढं कुणी सांगत नाही हो," बाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी त्यांच्या लेकीचं, संध्याचं गाणं होतं. बाई आपल्या हातांनी चाकं फिरवत त्या दारातून आत आल्या, थेट पहिल्या रांगेपर्यंत. कुणाला मदतीला यावंच लागलं नाही.

"दादा, चहा मिळेल?"

"कटिंग की फुल?"

"फुल आणा. बाहेर जायचं म्हटलं की बाथरूमच्या धास्तीने मी सकाळपासून पाणीसुद्धा तोंडात घेत नाही. आज घेते."

उत्तम स्वतः कॅन्टीनमध्ये गेला आणि काठोकाठ भरलेला कप सावकाश, एक थेंब न सांडता घेऊन आला.